काळी माती, सरळ रस्ता आणि दोन खंडांच्या मोटारी

मोटारींच्या शोकिनांत एक वाद गेलीं साठ वर्षें चालू आहे, आणि तो मिटण्याचें अद्याप लक्षण नाहीं. अमेरिकेंत १९६४ पासून पुढें सातआठ वर्षें ज्या दणकट, अवजड, मोठ्या आठ-सिलिंडर इंजिनाच्या आणि त्या मानानें स्वस्त गाड्या निघाल्या त्यांस तिकडे 'मसल कार', म्हणजे पिळदार स्नायूंची गाडी, असें नांव पडलें. त्या गाड्या श्रेष्ठ, कीं त्याच काळांत इटली, जर्मनी व इंग्लंड या देशांत बनलेल्या हलक्या आणि चपळ गाड्या श्रेष्ठ, असा हा वाद आहे. एका पक्षास सरळ रस्त्यावर पाय दाबतांच पाठीस बसणारा रेटा प्रिय. दुसऱ्यास घाटाच्या वळणावर हातांतलें चक्र जें अचूक उत्तर देतें तें प्रिय. अमेरिकन गाडी मेघगर्जनेसारखी बोलते, युरोपियन गाडी तंतुवाद्यासारखी, असें उभय पक्ष आपापल्या परीनें सांगतात, आणि दोघांचेंही म्हणणें खरें असल्यामुळें वाद संपत नाहीं.

परंतु रुचि ही आकाशांतून पडत नाहीं. तिच्या मुळाशीं सरकारी कर, जमिनींतलें तेल आणि पायाखालचा रस्ता या तीन फार व्यावहारिक गोष्टी आहेत. हें ज्यास पडताळून पाहावयाचें असेल त्यानें डेट्रॉइट किंवा तुरिन गांठण्यापूर्वीं वऱ्हाडांतील वाशीमचा रस्ता धरावा.

प्रथम कराविषयीं. इंग्लंडांत १९२१ सालापासून मोटारीवर दर अश्वशक्तीमागें एक पौंड असा वार्षिक कर बसला. ही अश्वशक्ति यंत्रावर मोजलेली नसे. सिलिंडरच्या इंचांतील व्यासाचा वर्ग करावा, त्यास सिलिंडरांच्या संख्येनें गुणावें व अडीचांनीं भागावें, असें तिचें कागदी सूत्र होतें. सूत्रांत दट्ट्याच्या धावेचा हिशेबच नव्हता. तेव्हां इंग्रज कारागिरांनीं सिलिंडर अरुंद व उंच केले, आणि लहान इंजिनांतून जास्तींत जास्त काम काढण्याची विद्या हस्तगत केली. १९२२ ची ऑस्टिन सेव्हन ही गाडी अवघ्या ६९६ घनसेंटिमीटरांची होती. आजच्या कित्येक मोटारसायकलींचें इंजिन त्याहून मोठें असतें. फ्रान्स आणि इटली येथेंही करांची रचना लहान इंजिनासच अनुकूल होती, आणि पेट्रोल तर सर्वांनाच समुद्रापलीकडून आणावें लागे. त्यांत आल्प्सचे घाट आणि जुन्या शहरांचे वांकडेतिकडे रस्ते! युरोपियन मोटारीची चपळाई ही अशी निम्मी टंचाईची कन्या आहे.

अमेरिकेंत यांपैकीं कांहींच नव्हतें. टेक्सासांत १९०१ सालीं स्पिंडलटॉप येथें तेलाचा झरा फुटला, आणि पुढें पेट्रोल पाण्यासारखें झालें. शेतकऱ्याचें घर बाजारापासून कोसगणती दूर, मधला रस्ता कच्चा, आणि गाडी बिघडली तर दुरुस्त करणारा तो स्वतःच. अशा देशांत इंजिन मोठें, मंद फिरणारें, ओढीला बळकट आणि ठोकळेबाज असणें हेंच शहाणपण होतें. १९०८ पासून १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'चें इंजिन २.९ लिटरांचें, परंतु शक्ति केवळ वीस घोड्यांची. १९३२ सालीं त्याच कारखान्यानें सामान्य गृहस्थाच्या ऐपतींत बसेल असें आठ सिलिंडरांचें ३.६ लिटरांचें इंजिन बाजारांत आणलें. पुढच्या पिळदार गाड्यांचें बीज त्यांतच होतें.

आतां वाशीम. सध्यांचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून निराळा झाला. इंग्रजी अमलांत तो 'बासीम' या नांवानें स्वतंत्र जिल्हा होता व १९०५ सालीं मोडून अकोल्यास जोडला गेला. म्हणजे ज्या काळांत मोटार या देशांत रुळली त्या सर्व काळांत वाशीम हा अकोल्याचा दक्षिणेकडील, कांहींसा आडबाजूचा मुलूख होता. कारंज्याला मूर्तिजापूर–यवतमाळ ही चिमुकल्या रुळांची आगगाडी तरी मिळाली. ही 'शकुंतला' कापसासाठींच बांधलेली. परंतु खुद्द वाशीम शहरास अकोल्याशीं जोडणारी आगगाडी स्वातंत्र्यानंतरच लाभली. तोंपर्यंत पातूर सोडल्यावर घाट चढून मेडशी, मालेगांव करीत जाणारा रस्ता हाच त्याचा खरा आधार.

आणि रस्ता म्हणजे काय? वऱ्हाडची काळी माती कापसाला जितकी माउली तितकीच चाकाला वैरीण. पावसाळ्यांत ती फुगते व चाकाला वंगणासारखी चिकटते, उन्हाळ्यांत तडकते, आणि मधल्या दिवसांत बैलगाडीच्या लोखंडी धावांनीं पाडलेल्या खोल चाकोऱ्या दगडाप्रमाणें कठीण होतात. ठेंगण्या इंग्रजी गाडीचें पोट अशा चाकोरीवर टेंकलें कीं चाकें हवेंत फिरत. मॉडेल टी जमिनीपासून वीतभराहून अधिक उंच असे. दोन महायुद्धांमधल्या काळांत हिंदुस्थानच्या मुफसल भागांत, साहेबाचें राज्य असूनही, साहेबाच्या देशाची गाडी मागें पडली आणि अमेरिकन गाडी पुढें गेली, याचें रहस्य या वीतभर उंचींत व मंद फेऱ्यांतही न दमणाऱ्या इंजिनांत आहे. राजनिष्ठेपेक्षां चिखल बलवत्तर ठरला.

अमेरिकन कारखानदारांनींही ही गोष्ट वेळींच ओळखली. फोर्डनें १९२६ सालीं हिंदुस्थानांत आपली कंपनी काढली; ती कॅनडामार्गें, कारण साम्राज्यांतील मालास जकातीची सवलत असे. जनरल मोटर्सनें मुंबईस शिवडी येथें गाड्या जुळविण्याचा कारखाना घातला, आणि तेथून १९२८ च्या डिसेंबरांत पहिली शेव्हरोले बाहेर पडली. पुढें याच घराण्यांचे सांगाडे ठिकठिकाणीं विकले गेले व त्यांवर लाकडी टप चढवून सुतारांनीं प्रवासी लॉऱ्या बनविल्या. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून नगरास सुटलेली पहिली एस.टी. बेडफर्ड होती. ती इंग्रजी खरी. पण बेडफर्ड बनविणारी व्हॉक्सहॉल कंपनी १९२५ पासूनच जनरल मोटर्सच्या मालकीची होती! या क्षेत्रांत गोत्र पाहूं गेल्यास असे घोटाळे फार निघतात. शेव्हरोले ज्याच्या नांवानें चालली तो लुई शेव्हरोले स्विस होता.

या घोटाळ्यांतला सर्वांत देखणा नमुना मराठी माणसाच्या दारीं उभा राहिला. इंदूरचे यशवंतराव होळकर १९२६ सालीं गादीवर आले. युरोपांत शिकलेला, नव्या कलेचा भोक्ता असा हा राजा. त्यांचा माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञानें १९३० नंतर उभारला. १९३५ च्या सुमारास त्यांनीं जी मोटार करविली तिचा सांगाडा व इंजिन अमेरिकेच्या ड्युसेनबर्ग कंपनीचें, आणि वरचा साज लंडनच्या गर्नी नटिंग या कोचबांधणाऱ्याचा. इंजिन ६.९ लिटरांचें, एका ओळींत आठ सिलिंडरांचें, हवा दाबून भरणाऱ्या पंख्यासह ३२० अश्वशक्तीचें. अंग मात्र इंग्रज शिंप्यानें बेतलेल्या कोटासारखें, नारिंगी व काळ्या रंगांत. ज्या काळीं सामान्य अमेरिकन गाडी ऐंशी-नव्वद घोड्यांवर समाधान मानी त्या काळांतली ही गोष्ट. शिवाय ड्युसेनबर्ग बंधु जन्मानें जर्मनच. तेव्हां अमेरिकन बळ आणि युरोपियन डौल यांतून एक निवडलेंच पाहिजे असें नाहीं, हें होळकरांनीं त्या वादाच्या जन्मापूर्वीं तीस वर्षें दाखवून दिलें होतें. अर्थात् त्यासाठीं संस्थान हवें!

संस्थान नसलेल्यांचा विचार वालचंद हिराचंद यांनीं केला. सोलापुरांत जन्मलेल्या या उद्योगपतीस देशांतच मोटार बनवावयाची होती. विश्वेश्वरय्यांनीं तिचा आराखडा मांडला, मुंबईच्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळानें त्यास पाठबळ देऊं केलें. दिल्लीच्या सरकारनें मात्र हात आंखडला. फोर्डशीं बोलणें फिसकटलें, क्रायस्लरशीं १९४० सालीं करार झाला, मध्यें युद्ध आलें, आणि अखेर १९४७ मध्यें कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून डॉज व प्लिमथ गाड्या बाहेर येऊं लागल्या. स्वतंत्र देशाची गाडी अशा रीतीनें अमेरिकन वळणाची होणार असें दिसत होतें.

परंतु तसें झालें नाहीं, आणि याचें कारण चिखल नव्हे; यावेळीं कारण हिशेबाचें होतें. डॉलर दुर्मिळ, पेट्रोल परदेशीं, आणि नुसते सुटे भाग आणून जुळविणाऱ्यांनीं येथेंच गाडी घडवावी, नाहीं तर जावें, असें सरकारचें नवें धोरण. १९५४ च्या सुमारास जनरल मोटर्स व फोर्ड यांनीं आपला गाशा गुंडाळला. त्याच वर्षीं प्रीमियरनें १,०८९ घनसेंटिमीटरांची इटालियन फियाट हातीं घेतली आणि टाटांचा मालमोटारींसाठीं जर्मनीच्या डायम्लर-बेंझशीं संसार सुरू झाला. कलकत्त्याकडे बिर्लांची अॅम्बॅसडर इंग्लंडच्या मॉरिस घराण्यांतली. अवघ्या एका वर्षाच्या आगेंमागें देशाच्या रस्त्याचें खंडच बदललें. फियाट पुढें 'पद्मिनी' झाली व मुंबईच्या टॅक्सीच्या रूपानें २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत टिकली. मराठी मध्यमवर्गाची पहिली मोटार युरोपियन होती ती त्याच्या आवडीमुळें नव्हे. दुसरी मिळतच नव्हती.

त्यामुळें तिकडे जेव्हां खरी झुंज जुंपली तेव्हां येथील घरांत तिची वार्ता फार तर एखाद्या जुन्या परदेशी मासिकांतून आली. १९६२ सालीं फेरारीनें शर्यतीसाठीं 'जी.टी.ओ.' नांवाची तीन लिटरांची, बारा सिलिंडरांची गाडी काढली. सारी संख्या चाळिसाच्याही आंत. दोन वर्षांनीं पॉन्टियॅक कंपनीच्या जॉन डीलोरियननें हेंच नांव निःसंकोच उचलून आपल्या मध्यम गाडींत ६.४ लिटरांचें इंजिन बसविलें. अशा गाडींत एवढें इंजिन घालूं नये असा जनरल मोटर्सचाच नियम होता. तेव्हां तें 'गिऱ्हाइकाच्या इच्छेनुसार मिळणारें जादा साहित्य' म्हणून दाखविण्यांत आलें! पहिल्याच वर्षीं बत्तीस हजारांहून अधिक गाड्या खपल्या. एकीकडे सरदाराची तलवार, दुसरीकडे नाक्यावरच्या तरुणाच्या हातीं आलेली कुऱ्हाड. १९६६ सालीं ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतींत फोर्डच्या सात लिटरांच्या गाड्यांनीं पहिले तीन क्रमांक पटकाविले व फेरारीचा गर्व उतरविला. पण तेथेंही फोर्डचा सांगाडा बव्हंशीं इंग्लंडांतच आकारास आला होता. पुढें विम्याचे दर, धुरावरील कायदे आणि १९७३ चा तेलाचा तुटवडा यांनीं पिळदार गाड्यांचा श्वास कोंडला. युरोपियन गाड्या तगल्या. टंचाईंत वाढलेल्यांना टंचाई नवी नव्हती.

वऱ्हाडांत अमेरिकन गाडी १९५४ नंतरही एका रूपानें उरलीच. महिंद्रांनीं युद्धानंतर मुंबईंत जुळविण्यास घेतलेली विलीज जीप ही ती होय. तहसीलदाराची जीप, निवडणुकीची जीप, आणि नंतर रिसोड, मंगरूळपीर, मानोरा या वाटांवर आंत दहा, बाहेर लोंबकळत चार अशी 'काळी-पिवळी' जीप, हें वाशीम जिल्ह्याचें चित्र कोणाच्या डोळ्यांपुढें नाहीं? १९८० नंतर या जिपेच्या बॉनेटखालीं फ्रान्सच्या पेजोचें डिझेल इंजिन बसूं लागलें. अंग ओहायोचें, काळीज फ्रेंच, आणि चालविणारा मालेगांवचा. होळकरांच्या ड्युसेनबर्गाची ही उलट बाजू म्हणतां येईल.

२०१६ सालीं पांच लिटरांची फोर्ड मस्टॅंग हिंदुस्थानांत उघड्यानें विकावयास आली. किंमत पासष्ट लाखांच्या घरांत. जी गाडी तिच्या जन्मगांवीं कारकुनाची होती ती येथें जर्मन गाडीपेक्षांही दुर्मिळ झाली, आणि तिला मनसोक्त धांवूं देईल असा रस्ता वऱ्हाडांत तेव्हां कोठें होता? ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूर–शिर्डी समृद्धि महामार्ग खुला झाला. तो कारंजें, मंगरूळपीर व मालेगांव या तालुक्यांतून, त्याच काळ्या मातीवर सिमेंटची शिळा अंथरून जातो. ताशीं १२० किलोमीटरची मर्यादा, आणि रस्ता मैलोगणती असा सरळ कीं चालकाचे डोळे जड होतात. तेथील अपघातांच्या चर्चेंत हा सरळपणाच पुन्हा पुन्हा पुढें येतो. बासीमच्या भूमीवर अमेरिकन पद्धतीचा रस्ता प्रथमच आला आहे. त्यावरून बहुतेक लहान इंजिनांच्या, काटकसरी गाड्याच धांवतात; आणि शेलूबाजारला खालीं उतरून मंगरूळपीरकडे वळलें, म्हणजे चाकोरीची ओळख ठेवणारी एखादी जुनी जीप अजून सामोरी येते.