‘चंद्रकांता’चे दोन प्रारंभ

देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’ या कथेला दोन प्रारंभ लाभले आहेत. पहिला १८८८ मधला, खत्रींनी स्वतः लिहिलेला; दुसरा १९९४ मधला, नीरजा गुलेरी यांनी दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीसाठी निर्मिलेल्या मालिकेच्या पहिल्या भागाचा. रविवारी सकाळी देशभर पाहिल्या गेलेल्या या मालिकेची जी चर्चा झाली ती वेशभूषेची, अभिनयाची आणि चमत्कारदृश्यांची. तिचा आरंभ मूळ ग्रंथाच्या आरंभापासून कोठे आणि का दुरावला, हा प्रश्न समीक्षेने फारसा मनावर घेतला नाही.

कादंबरीचे पहिले पान कमालीचे शांत आहे. सायंकाळची वेळ, निर्जन माळ, टेकडीच्या पायथ्याशी एका शिळेवर बसून दोन तरुण बोलत आहेत. एक नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह, दुसरा दिवाण जीतसिंहाचा मुलगा तेजसिंह. जवळच झाडाला खोगीर चढवलेला घोडा बांधलेला आहे. तेजसिंहाच्या कमरेला केवळ खंजीर, बगलेत बटवा, हातात कमंद. बोलता बोलता त्याची नजर चौफेर फिरत असते. नायिका तेथे नाही, चमत्कार नाही, युद्धही नाही. ऐयाराच्या धंद्याची हत्यारे मात्र पहिल्याच परिच्छेदात वाचकासमोर मांडलेली आहेत. भिंत चढण्यासाठी कमंद. आणि बटव्यात वेषांतराचे सामान, बेशुद्ध करणारी पूड व शुद्धीवर आणणारा लखलखा.

हे सारे सहज घडलेले नाही, हे प्रस्तावनेवरून ध्यानात येते. राजदरबारी ऐयार नावाचे सेवक असत. रूप पालटणे, औषधींचे ज्ञान, गाणे-बजावणे, धावणे, हेरगिरी अशा नाना विद्या त्यांना अवगत असत. आणि राजाराजांत युद्ध जुंपले की रक्त न सांडता, फौजांचे प्राण न घालवता ते आपल्या चातुर्याने युद्ध संपवीत, असे खत्री तेथे सांगतात. माझ्या मते कादंबरीचा खरा करार हा आहे. लढाया तिच्यातही आहेत. पण त्यांचा निकाल बहुधा बटव्यातल्या पुडीने लागतो.

ऐयार आणि तिलिस्म हे दोन्ही शब्द खत्रींनी दास्तानपरंपरेतून घेतले. लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ १८८३ पासून खंडशः प्रसिद्ध होत होते. परंतु तेथील जादू खत्रींनी आपल्या ग्रंथात फारशी येऊ दिली नाही. त्यांचे तिलिस्म कळसूत्रांवर, रसायनांवर, भुयारांच्या रचनेवर चालते. कोडे अखेर उलगडते आणि ते माणसाने रचलेले होते असे कळते. काशीनरेशांच्या चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका घेतलेल्या या गृहस्थाने तिथली अरण्ये आणि पडके किल्ले पायांखाली घातले होते. नौगढ, विजयगढ, चुनार ही स्थळे आजही नकाशावर आहेत.

आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी आपल्या हिंदी साहित्येतिहासात खत्रींनी हिंदीला जितके वाचक मिळवून दिले तितके अन्य कोणी दिले नाहीत, असे मान्य केले. पण त्यांच्या ग्रंथांना साहित्याच्या कोटीत बसवणे मात्र नाकारले. मराठी वाचकाला हा न्याय परिचयाचा आहे. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांची बोळवण आपणही अशीच केली. फरक इतकाच की ‘चंद्रकांता’ निघाली त्या सुमारास मराठीत हरिभाऊ आपटे वास्तवाकडे वळले होते. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० मध्ये ‘करमणूक’मधून येऊ लागली. हिंदी वाचक त्याच दशकात तिलिस्मात रमला, आणि तो रमला म्हणून पुढे प्रेमचंदांना वाचक तयार मिळाला.

मालिकेचे लेखन कमलेश्वर यांचे. ‘नई कहानी’चा हा वास्तववादी अग्रणी खत्रींकडे वळावा, यात मला विसंगती दिसत नाही; लोकप्रियतेला अस्पृश्य न मानणारा तो लेखक होता. पण प्रारंभ बदलला. पहिल्या भागात पात्रे बोलू लागण्यापूर्वीच शीर्षकगीत नौगढ आणि विजयगढ यांच्या वैराची वार्ता देते. विजयगढच्या राजाच्या भावाचा खून झाला आहे, दोष नौगढवर आहे, खरा अपराधी क्रूरसिंह आहे, असे कुलवैर मालिकेने कथेच्या मुळाशी घातले. कादंबरीत अडसर आहे तो क्रूरसिंहाच्या लालसेचा. जयसिंहांचे मन तोच कलुषित करतो. एका माणसाच्या कारस्थानाला चातुर्याने उत्तर देता येते. दोन घराण्यांमधल्या खुनाला तलवारच लागते, आणि तलवार आली की ऐयार दुय्यम होतो.

या बदलाला कारणे होती, हे नाकारता येत नाही. ‘रामायण’ (१९८७) आणि ‘महाभारत’ (१९८८) यांनी रविवारच्या प्रेक्षकाला दोन पक्षांची सवय लावली होती. आठवड्याच्या खंडानंतर परतणाऱ्याला कोण कोणाच्या बाजूचा हे क्षणात कळावे लागते; शिळेवरचा संवाद त्याला किती धरून ठेवील, याची निर्मात्यांना शंका वाटली असल्यास नवल नाही. तरीही खत्रींचे ग्रंथही भागाभागांनीच निघत होते आणि त्यांचा वाचक पुढच्या भागाची वाट पाहत होता, हे विसरू नये. त्याला धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे पुढचा डाव कोण कसा टाकील ही उत्सुकता. मालिकेने तिची जागा चमत्काराला दिली. दृश्यमाध्यमात चमत्कार स्वस्त पडतो. बुद्धी दाखवणे महाग.

अखिलेंद्र मिश्र यांचा क्रूरसिंह या बदलाचे सर्वांत यशस्वी अपत्य म्हणावा लागेल. मालिका पाहिलेल्या पिढीला आजही त्याच्या उभारलेल्या भुवया आणि ‘यक्कू’ हा उद्गार आठवतो. तेजसिंहाच्या बगलेतला बटवा क्वचितच कोणाला.