नव्या सहकाऱ्याची उद्दिष्टे : मोघम नकोत, मोजता येणारी हवीत

नोकरीच्या नियुक्तीपत्रात एक वाक्य हमखास असते. परिवीक्षेच्या म्हणजेच प्रोबेशनच्या काळातील कामगिरी समाधानकारक आढळल्यास सेवेत कायम करण्यात येईल, असा त्याचा आशय असतो. ‘समाधानकारक’ म्हणजे किती, कशात आणि कोणाच्या मते, याचा खुलासा मात्र त्या पत्रात क्वचितच सापडतो. नवा माणूस रुजू होतो, कामाला लागतो, वरिष्ठ ‘चांगले चालले आहे’ असे जाता-येता म्हणत राहतात आणि मुदत संपता संपता ‘अपेक्षेइतके काम दिसले नाही’ हा निकाल हाती पडतो. अपेक्षा काय होती, हेच मुळात कधी सांगितले गेलेले नसते. त्यामुळे निकाल योग्य असला तरी तो अन्यायाचा वाटतो. तो चुकीचा असला, तर दाद मागायला आधार उरत नाही. कर्मचाऱ्याची उमेदीची काही वर्षे आणि संस्थेने निवडीवर व प्रशिक्षणावर केलेला खर्च, दोन्ही त्यात वाया जातात.

हे टाळण्याचा सर्वांत साधा उपाय म्हणजे रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातच मोजता येतील अशी उद्दिष्टे लेखी ठरवणे. उपाय साधा आहे. पण तो नीट अमलात आणण्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात.

विचार कोठून आला?

उद्दिष्टांच्या आधारे व्यवस्थापन करावे, ही कल्पना पीटर ड्रकर यांनी १९५४ साली ‘द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट’ या ग्रंथात मांडली. वरिष्ठाने प्रत्येक हालचालीवर पाळत ठेवण्याऐवजी काय साधायचे ते ठरवावे आणि कर्मचाऱ्याने स्वतःच स्वतःवर नियंत्रण ठेवावे, हा त्यातील गाभा होता. पुढे १९६८ मध्ये मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी असे दाखवले, की ‘होईल तेवढे चांगले करा’ या सूचनेपेक्षा निश्चित आणि काहीसे अवघड उद्दिष्ट दिल्यास माणूस अधिक काम करतो. लॉक आणि गॅरी लॅथम यांनी १९९० मध्ये याच विषयावर एक विस्तृत ग्रंथ लिहिला.

आज प्रत्येक कार्यशाळेत उच्चारली जाणारी ‘स्मार्ट’ ही पंचसूत्री जॉर्ज डोरन यांची. १९८१ साली ‘मॅनेजमेंट रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्यांनी ती मांडली. उद्दिष्ट नेमके असावे, मोजता यावे, ते कोणी पार पाडायचे हे ठरलेले असावे, वास्तवाला धरून असावे आणि त्याला मुदत असावी, असे ते पाच निकष होते. यातील तिसरा निकष पुढे अनेकांनी बदलला आणि त्या जागी ‘साध्य होण्याजोगे’ असा अर्थ रूढ झाला. वास्तविक नव्या माणसाच्या बाबतीत मूळ निकषच अधिक मोलाचा आहे. काम नेमके कोणाचे, हेच त्याला बहुधा ठाऊक नसते. प्रत्येक उद्दिष्टात पाचही निकष उतरतीलच असे नाही, हेही डोरन यांनी त्याच लेखात सांगितले होते. त्यांच्या अनुयायांना मात्र त्याचा विसर पडलेला दिसतो.

आकडा काय करतो?

लॅथम यांचा एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात जंगलातील ओंडके वाहून नेणारे ट्रक कायद्याने मुभा असलेल्या वजनाच्या जेमतेम ६० टक्केच भरले जात असत. ‘जास्तीत जास्त माल भरा’ या सूचनेने फरक पडत नव्हता. मग ९४ टक्के हे निश्चित उद्दिष्ट चालकांना देण्यात आले. ते गाठले नाही तरी कोणावरही कारवाई होणार नाही, असे स्पष्ट आश्वासनही देण्यात आले. पहिल्या महिन्यात भरणा ८० टक्क्यांपर्यंत चढला, दुसऱ्या महिन्यात तो ७० टक्क्यांवर घसरला आणि तिसऱ्या महिन्यात ९० टक्क्यांच्या वर गेला. लॅथम आणि त्यांचे सहकारी जेम्स बाल्डेस यांनी १९७५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नऊ महिन्यांत कंपनीची अडीच लाख डॉलरहून अधिक बचत झाली. त्यासाठी ना नवे ट्रक घ्यावे लागले, ना रोख बक्षीस द्यावे लागले.

दुसऱ्या महिन्यातील घसरणही बोलकी आहे. कारवाई न करण्याचा शब्द व्यवस्थापन खरोखर पाळते का, हे चालक तपासून पाहत होते. शब्द पाळला गेला, तेव्हाच आकडा वर गेला. नवा कर्मचारीही पहिल्या काही आठवड्यांत नेमके हेच पाहत असतो.

शिकणाऱ्याला निराळे माप

तथापि ओक्लाहोमाच्या चालकांना आपले काम येत होते. ज्याला काम अद्याप यायचे आहे, त्याला पहिल्याच दिवशी मोठा आकडा दिला तर काय होते? रूथ कॅनफर आणि फिलिप अकरमन या संशोधकांनी अमेरिकी हवाई दलातील प्रशिक्षणार्थींना विमानवाहतूक नियंत्रणाचे एक कृत्रिम काम देऊन याचा अभ्यास केला आणि १९८९ मध्ये तो प्रसिद्ध केला. काम शिकण्याच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात कामगिरीचे अवघड उद्दिष्ट दिल्यास काम सुधारण्याऐवजी बिघडते, असे त्यात आढळले. शिकताना आधीच सारे लक्ष कामाचे नियम समजून घेण्यात गुंतलेले असते. त्यातच ‘आकडा गाठला का?’ ही चिंता वाटेकरी होते. काम अंगवळणी पडल्यावर दिलेले तेच उद्दिष्ट मात्र उपयोगी ठरते.

जेरार्ड सेइट्स आणि लॅथम यांनी २००५ मधील एका लेखात याच दिशेने शिकण्याचे उद्दिष्ट आणि कामगिरीचे उद्दिष्ट असा भेद केला. नव्या सहकाऱ्यासाठी आधी पहिले आणि मग दुसरे, हा क्रम ठेवणे श्रेयस्कर. पण शिकण्याचे उद्दिष्ट म्हणजे ‘कामाची माहिती करून घ्या’ अशी गुळमुळीत सूचना नव्हे. तेही मोजता आले पाहिजे.

एक नमुना

समजा, विमा कंपनीच्या मोटार दावे कक्षात एक नवी कर्मचारी रुजू झाली आहे. आलेल्या अर्जासोबतची कागदपत्रे तपासणे, त्रुटी असल्यास ग्राहकाला कळवणे आणि परिपूर्ण प्रकरण पुढे पाठवणे हे तिचे काम. कक्षातील अनुभवी कर्मचारी दिवसाला सरासरी २० प्रकरणे हातावेगळी करतात. हा आकडा आधी माहीत असणे आवश्यक आहे. कारण सध्याची सरासरी ठाऊक नसताना ठरवलेले उद्दिष्ट म्हणजे निव्वळ अंदाज. तिच्यासाठी तीन महिन्यांची आखणी पुढीलप्रमाणे करता येईल.

पहिला महिना : रोज पाच प्रकरणे ज्येष्ठ सहकाऱ्यासोबत तपासणे. महिनाअखेर दहा नमुना प्रकरणांतील त्रुटी कोणाच्याही मदतीविना ओळखणे. त्यांपैकी किमान नऊ अचूक असणे. या महिन्यात वेगाचे उद्दिष्ट नाही.

दुसरा महिना : रोज दहा प्रकरणे स्वतंत्रपणे हाताळणे. पुढे पाठवलेल्या दर दहा प्रकरणांत दुरुस्तीसाठी परत येणारे एकाहून अधिक नसावे.

तिसरा महिना : रोज पंधरा प्रकरणे. दर वीस प्रकरणांत परत येणारे एकाहून अधिक नसावे. तसेच त्रुटी असलेल्या प्रत्येक प्रकरणात ग्राहकाला दोन कामकाजी दिवसांत कळवलेले असावे.

या आखणीत काही गोष्टी जाणीवपूर्वक केल्या आहेत. संख्येच्या शेजारी सर्वत्र गुणवत्तेचे माप आहे. केवळ संख्या मागितली, तर अर्धवट तपासलेली प्रकरणे पुढे ढकलली जातील. केवळ अचूकता मागितली, तर एकेका प्रकरणावर दिवस जाईल. तिसऱ्या महिन्यातही अपेक्षा अनुभवी माणसाच्या तीन चतुर्थांश एवढीच आहे. मोजमापासाठी कोणतीही नवी नोंदवही लागत नाही. कक्षाच्या संगणकातील नोंदीच पुरेशा आहेत आणि त्या कर्मचारीही पाहू शकते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जे तिच्या हातात आहे तेच मोजले आहे. दावा अंतिमतः किती दिवसांत मंजूर झाला, हे सर्वेक्षक, गॅरेज आणि वरिष्ठ यांच्यावरही अवलंबून असते. त्याचा जाब तिला विचारणे गैर ठरेल.

जे मोजता येत नाही त्याचे काय?

‘आमचे काम आकड्यांत बसत नाही,’ ही तक्रार मनुष्यबळ विभाग, संपादन, संरचना किंवा संशोधन अशा क्षेत्रांतून नेहमी ऐकू येते आणि ती पूर्णपणे चुकीची नाही. काही पदांबाबत आकड्यांचा अट्टहास वास्तवाला धरून होणार नाही, असे डोरन यांनीही मान्य केले होते. अशा वेळी आकडा शोधण्यापेक्षा पडताळा शोधावा. ‘संवादकौशल्य सुधारा’ या वाक्याचा पडताळा घेता येत नाही. ‘प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सर्वांना पाठवा, त्यात निर्णय, जबाबदार व्यक्ती आणि तारीख असावी’ याचा घेता येतो. काम झाले की नाही, हे दोन निरनिराळ्या माणसांनी स्वतंत्रपणे पाहून एकच उत्तर दिले, तर ते उद्दिष्ट मोजण्याजोगे आहे असे खुशाल समजावे.

आकड्यांचा अतिरेक

मोजमापाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. एखादे माप हेच लक्ष्य बनले की ते चांगले माप राहत नाही, हा विचार ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जातो. त्याचे ढळढळीत उदाहरण २०१६ मध्ये अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेत जगासमोर आले. प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात बँकेची आठ उत्पादने घालण्याचा ध्यास तेथे घेतला गेला होता. त्या दडपणाखाली कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारताच लाखो खाती उघडली. बँकेला त्या वर्षी १८ कोटी ५० लाख डॉलरचा दंड झाला, सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना आधीच्या काही वर्षांत कामावरून काढण्यात आल्याचे उघड झाले, मुख्याधिकाऱ्यांना पद सोडावे लागले आणि २०२० मध्ये बँकेने तीन अब्ज डॉलर देऊन तडजोड केली. तेथील उद्दिष्ट निश्चित होते, मोजता येत होते आणि त्याला मुदतही होती. पण ते गाठण्याचा सरळ मार्ग उपलब्ध आहे का, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

नवा माणूस अशा दडपणाला सर्वांत आधी बळी पडतो, कारण नाही म्हणण्याची ताकद त्याच्यापाशी सर्वांत कमी असते. म्हणून उद्दिष्टांची संख्या तीन ते पाचपुरतीच मर्यादित ठेवावी आणि ‘हे उद्दिष्ट आडमार्गाने गाठायचे ठरवले तर कसे गाठता येईल?’ असा प्रश्न वरिष्ठाने आधी स्वतःलाच विचारावा. उत्तर सहज सुचले, तर माप बदलावे.

आढावा आणि नोंद

उद्दिष्टे ठरवून कागद कपाटात ठेवला, तर त्याचा उपयोग शून्य. दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांची ठरलेली भेट असावी. काय ठरले होते, काय झाले, काय अडले आणि वरिष्ठाने काय करायचे, एवढे चार मुद्दे त्यात पुरतात. शेवटचा मुद्दा वगळला जाऊ नये. संगणकाचा परवाना तीन आठवडे मिळालाच नाही किंवा प्रशिक्षण पुढे ढकलले गेले, तर त्या प्रमाणात उद्दिष्टाची मुदतही वाढली पाहिजे आणि तशी नोंद झाली पाहिजे. अपेक्षाभंगाची पहिली सूचना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मिळाली तर ती मदत ठरते. तीच नव्वदाव्या दिवशी मिळाली तर ती शिक्षा होते.

आणि वरिष्ठांनी उद्दिष्टे दिलीच नाहीत तर? अनेक कार्यालयांत आजही ‘पाण्यात ढकलले की पोहायला येते’ हाच खाक्या चालतो. अशा वेळी नव्या कर्मचाऱ्याने स्वतः पुढाकार घ्यावा. आपल्या समजुतीनुसार पुढील तीन महिन्यांची तीन-चार उद्दिष्टे लिहून ‘यात काही बदल सुचवावेत’ अशी विनंती करणारा ई-मेल वरिष्ठांना पाठवावा. उत्तर आले तर दिशा स्पष्ट होते. न आले, तरी आपण काय समजून काम करत होतो याची तारखेसह नोंद राहते. दर महिनाअखेर त्याच ई-मेलला जोडून झालेल्या कामाचा चार ओळींचा गोषवारा पाठवत राहावा. यात उद्धटपणा नाही. उलट जबाबदारीची जाणीवच त्यातून दिसते.

मोजता येणारे उद्दिष्ट हे कर्मचाऱ्याला पकडण्याचे साधन मानले, तर ते लवकरच निरुपयोगी होते. दोघांनाही एकच चित्र दिसावे, एवढ्यासाठीच ते असते. आकड्यांनी सगळेच वाद मिटत नाहीत. पण काय ठरले होते यावरून होणारा वाद मात्र नक्की मिटतो, आणि परिवीक्षा काळातील बहुतेक कटुतेचे मूळ तेथेच असते.