गॅमा किरण स्फोटांची अनुदीप्ती

गॅमा किरण स्फोटांची अनुदीप्ती : आकाशातील एखाद्या ठिकाणाहून काही सेकंद वा मिनिटे येणारा गॅमा किरणांचा झोत थांबल्यावर तेथेच क्ष-किरण, दृश्य प्रकाश व रेडिओ तरंग यांच्या रूपाने मागे राहणाऱ्या आणि वेगाने मंदावणाऱ्या दीप्तीस अनुदीप्ती म्हणतात. स्फोटातून फेकले गेलेले द्रव्य जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने सभोवतालच्या विरळ वायूवर आदळते. या आघाताने प्रवेगित झालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना हे प्रारण उत्सर्जित करतात. त्यापैकी दृश्य प्रकाशाच्या वेधांमुळे स्फोटांच्या अंतराचा जुना प्रश्न सुटला.

अणुचाचण्यांवर लक्ष ठेवण्यासाठी अमेरिकेने सोडलेल्या व्हेला उपग्रहांनी २ जुलै १९६७ रोजी असा स्फोट प्रथम नोंदविला. हा शोध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. गॅमा किरण आरशाने वा भिंगाने केंद्रित करणे अतिशय अवघड असल्याने स्फोटाची दिशा ढोबळच कळे. अनेक उपग्रहांच्या नोंदी जुळवून अचूक स्थान काढीपर्यंत दिवस उलटत आणि दूरदर्शक तिकडे वळवूनही हाती काही लागत नसे. कॉम्पटन वेधशाळेने १९९१ पासून घेतलेल्या वेधांत स्फोट सर्व दिशांस सारखेच विखुरलेले दिसले, तरी निकाल लागला नाही. एप्रिल १९९५ मध्ये वॉशिंग्टन येथील जाहीर वादात बोहदान पाचिन्स्की यांनी स्फोट दूरच्या दीर्घिकांत होतात असे प्रतिपादन केले, तर डोनल्ड लँब यांनी ते आकाशगंगेच्या विस्तृत प्रभामंडलातील न्यूट्रॉन ताऱ्यांशी जोडले. हा वाद केवळ अंतराचा नव्हता. अंतर १०,००० पटींनी वाढले, तर ऊर्जा १० कोटी पटींनी वाढवावी लागते. म्हणजे स्फोटाचे कारणच निराळे शोधावे लागते.

इटली व नेदर्लंड्स यांच्या बेप्पोसॅक्स उपग्रहाने २८ फेब्रुवारी १९९७ रोजी मृग तारकासमूहातील एका स्फोटाचे स्थान क्ष-किरणांच्या साहाय्याने काही तासांतच निश्चित केले. यान व्हान पाराडाइस यांच्या गटाने स्फोटानंतर सु. २१ तासांनी ला पाल्मा बेटावरील ४·२ मी. व्यासाच्या विल्यम हर्शल दूरदर्शकाने त्या भागाचे चित्र घेतले. ८ मार्चच्या चित्राशी ते ताडून पाहता २१·३ प्रतीचा एक बिंदू नाहीसा झालेला आढळला. ही पहिली दृश्य अनुदीप्ती होय. मात्र तिच्या जागी दिसणारा अंधुक डाग दीर्घिकाच आहे काय, यावर पुन्हा मतभेद झाले. वर्णपटाविना ते मिटणे शक्य नव्हते आणि तो मिळविण्याइतका प्रकाश उरला नव्हता. ८ मे १९९७ च्या स्फोटाने ती संधी दिली. हवाईतील केक दूरदर्शकाने घेतलेल्या वर्णपटात लोह व मॅग्नेशियम यांच्या शोषण रेषा ०·८३५ इतक्या ताम्रसृतीने सरकलेल्या दिसल्या. स्फोटाचा प्रकाश निदान ७ अब्ज वर्षे प्रवास करून आला होता. पाचिन्स्की यांचे म्हणणे खरे ठरले.

यापुढची धडपड वेळेशी होती. २३ जानेवारी १९९९ रोजी लॉस ॲलॅमॉस येथील रोट्से या स्वयंचलित यंत्रणेने स्फोट सुरू झाल्यापासून २२ सेकंदांत पहिले चित्र घेतले, दीप्ती सु. ९ व्या प्रतीपर्यंत चढली. या यंत्रणेत भव्य आरसा नव्हता, साध्या कॅमेऱ्याची चार भिंगे होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. २९ मार्च २००३ च्या स्फोटाची अनुदीप्ती ओसरताना तिच्या वर्णपटात अतिदीप्त नवताऱ्याची लक्षणे उमटली आणि दीर्घ स्फोटांचा महाकाय ताऱ्यांच्या अंताशी असलेला संबंध पक्का झाला. १९ मार्च २००८ चा स्फोट तर, ताम्रसृती ०·९३७ असूनही, अर्धा मिनिटभर नुसत्या डोळ्यांना दिसू शकेल इतका तेजस्वी होता.

अनुदीप्ती तासातासाला मंदावते आणि कोणत्याही एका वेधशाळेवर रात्र कायम नसते. कॅनरी बेटे व ऑस्ट्रेलिया यांच्या दरम्यान मोठे दूरदर्शक थोडे असल्याने भारतीय वेधांना येथे विशेष मोल आहे. नैनिताल येथील १०४ सेंमी. दूरदर्शकाने १९९९ पासून हे काम आरंभिले. लडाखमधील हानले येथे २ मी. व्यासाच्या हिमालयन चंद्र दूरदर्शकाशिवाय मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व बंगलोरची भारतीय खगोलभौतिकी संस्था यांचा ०·७ मी. व्यासाचा स्वयंचलित दूरदर्शक २०१८ पासून असे वेध घेत आहे.