मैदान उभारणारे हात

१८ डिसेंबर २०२२ रोजी कतारमधील लुसैल येथे अर्जेंटिनाने फ्रान्सवर मात केली आणि जागतिक फुटबॉल स्पर्धेची सांगता झाली. विजेत्यांची नावे इतिहासात गेली. ज्यांनी ते मैदान उभारले, त्यांची नोंद कोठे व कशी झाली, हे पाहणेही इतिहासाचेच काम आहे.

२ डिसेंबर २०१० रोजी या स्पर्धेचा मान कतारला मिळाला. आठ स्टेडियमांपैकी सात नव्याने बांधावयाची होती. शिवाय रस्ते, हॉटेले आणि भुयारी रेल्वे. देशाचे मूळ नागरिक अवघे काही लाख. तेव्हा हे काम मुख्यत्वे नेपाळ, भारत, बांगलादेश आदी देशांतील मजुरांच्या अंगावर पडले. त्यांतील पुष्कळांनी दलालाची भर करण्यासाठी गावी कर्ज काढलेले होते.

तेथे ‘कफाला’ पद्धती होती. कफाला म्हणजे जामीनकी; परंतु जामीन राहणारा मालकच मजुराचा धनी होऊन बसला. त्याच्या संमतीवाचून नोकरी बदलता येत नसे, देशही सोडता येत नसे. मुंबई इलाख्यातून गिरमिटावर मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज हे दुःख सहज ओळखतील.

जगाचे लक्ष वळले, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेपुढे तक्रार गेली आणि कायदे बदलू लागले. देश सोडण्याच्या परवान्याची अट बहुतेकांपुरती २०१८ मध्ये उठली. नोकरी बदलण्याची मोकळीक २०२० मध्ये मिळाली. २०२१ मध्ये दरमहा १,००० रियाल किमान वेतन ठरले. तोवर बांधकाम बव्हंशी उरकत आले होते.

मृतांचा हिशेब मात्र लागला नाही. २०२१ मध्ये ‘गार्डियन’ पत्राने दक्षिण आशियातील ६,५०० हून अधिक स्थलांतरित दहा वर्षांत तेथे मरण पावल्याचे प्रसिद्ध केले. त्यात सर्व प्रकारचे मृत्यू आले. संयोजकांच्या मते स्टेडियमांच्या कामामुळे झालेले मृत्यू केवळ तीन. ही तफावत कशाने पडते? अनेक दाखल्यांवर शवविच्छेदनावाचून ‘नैसर्गिक कारण’ किंवा ‘हृदयक्रिया बंद’ एवढेच लिहिले गेले. हृदय थांबणे हे मरणाचे वर्णन झाले, कारण नव्हे. भर उन्हात राबणाऱ्या तरुणाचे हृदय का थांबले, हे न तपासल्याने कामाशी संबंध सिद्ध होत नाही. आणि संबंध सिद्ध न झाल्याने कुटुंबाला भरपाई मिळत नाही.

११ डिसेंबर २०२४ रोजी २०३४ ची स्पर्धा सौदी अरेबियाला दिली गेली. तेथेही बांधकाम परदेशी मजुरांच्याच हातून व्हावयाचे आहे. प्रत्येक मृत्यूचे कारण तपासून लिहिले जावे, ही मागणी करावयाची तर ती पाया खणला जात असतानाच केली पाहिजे.