अंधाराच्या शोधात वाळवंटी नगर : टूसॉन परिसरातील वेधस्थळांचा इतिहास

प्रस्तावना

आकाशनिरीक्षणासाठी चांगली जागा कोणती, हा प्रश्न वरवर पाहता भूगोलाचा वाटतो. ढग कमी, हवा कोरडी, उंची पुरेशी आणि वस्ती दूर असली म्हणजे जागा सापडली, असा सर्वसाधारण समज असतो. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील टूसॉन या वाळवंटी शहराचा सव्वाशे वर्षांचा इतिहास या समजाला मुरड घालतो. या शहराच्या परिसरात वेधस्थळे पुन्हा पुन्हा शोधली गेली, काही सोडली गेली, काहींवरून न्यायालयीन वाद झाले आणि अखेरीस शहराने स्वतःच्या दिव्यांवर बंधने घालून घेतली. चांगले आकाश केवळ सापडत नाही. ते राखावे लागते आणि ते कोणाच्या भूमीवरून पाहिले जाते याचाही हिशोब द्यावा लागतो, हे या इतिहासातून दिसून येते. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा कालानुक्रमे मागोवा घेतला आहे.

पार्श्वभूमी

सोनोरा वाळवंटात वसलेल्या टूसॉनची स्थापना १७७५ साली स्पॅनिश लष्करी ठाणे म्हणून झाली. शहर एका विस्तीर्ण खोऱ्यात असून उत्तरेस सांता कॅटालिना, पूर्वेस रिंकन, दक्षिणेस सांता रिटा आणि पश्चिमेस टूसॉन अशा डोंगररांगांनी ते वेढलेले आहे. खोऱ्याची उंची सुमारे ७५० मीटर, तर भोवतालची शिखरे दोन ते पावणेतीन हजार मीटरपर्यंत पोहोचतात. वर्षातील बहुतांश रात्री निरभ्र असतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र तेथेही मोसमी पाऊस येतो आणि त्या काळात दुर्बिणींच्या देखभालीची कामे उरकली जातात. विद्यापीठ, रेल्वे आणि बाजारपेठ असलेल्या शहरापासून काही तासांत कोरड्या, उंच शिखरावर पोहोचता येणे, हा योग जगात फार थोड्या ठिकाणी जुळतो. मात्र ज्या शहरामुळे वेधशाळा उभी राहणे शक्य होते, त्याच शहराच्या वाढीमुळे ती निरुपयोगी होऊ लागते, हा पेचही या योगातच दडलेला होता.

जागेचा पहिला पद्धतशीर शोध

१८९४ च्या ऑक्टोबरमध्ये मंगळ पृथ्वीच्या जवळ येणार होता. त्याच्या निरीक्षणासाठी बोस्टनचे धनिक पर्सिव्हल लोवेल यांना वेधशाळा उभारावयाची होती. त्यांनी अँड्र्यू एलिकॉट डग्लस या तरुण खगोलशास्त्रज्ञाला सहा इंची दुर्बीण देऊन ॲरिझोनात पाठविले. मार्च १८९४ मध्ये डग्लस यांनी टूमस्टोन, टूसॉन, टेंपी, प्रेस्कॉट आणि फ्लॅगस्टाफ अशा अनेक ठिकाणी निरीक्षणे घेतली. आकाश निरभ्र आहे किंवा नाही एवढेच पाहून ते थांबले नाहीत. वातावरणातील चलबिचलीमुळे ताऱ्याची प्रतिमा किती थरथरते, याची त्यांनी प्रत्येक ठिकाणी नोंद केली. वेधशाळा बांधण्याआधी जागेची अशी तुलना करणे त्या काळी नवे होते. वेधशाळा सहसा विद्यापीठाजवळ किंवा देणगीदाराच्या सोयीने उभ्या राहत.

लोवेल यांची निवड फ्लॅगस्टाफवर पडली. उंची सुमारे २,१०० मीटर, रेल्वेची सोय आणि नागरिकांनी देऊ केलेली जागा व रस्ता ही कारणे त्यामागे होती. पहिल्या निवडीतही हवामानाच्या जोडीला नागरिकांची तयारी महत्त्वाची ठरली, ही बाब लक्षणीय आहे. टूसॉन मात्र या फेरीत मागे पडले.

विद्यापीठाच्या आवारातील दुर्बीण

लोवेल यांच्याशी मतभेद होऊन डग्लस १९०१ साली वेधशाळेतून बाहेर पडले आणि १९०६ साली टूसॉनच्या ॲरिझोना विद्यापीठात दाखल झाले. वृक्षांच्या वार्षिक वलयांवरून कालनिर्णय करण्याच्या शास्त्राचे प्रवर्तक म्हणून ते पुढे प्रसिद्ध झाले. तरी दुर्बिणीचा ध्यास त्यांनी सोडला नाही. १९१६ साली लव्हिनिया स्टुअर्ड यांनी दिलेल्या ६०,००० डॉलरच्या देणगीतून ३६ इंची परावर्ती दुर्बीण साकार झाली. महायुद्धामुळे लांबलेले हे काम पूर्ण होऊन १९२३ च्या एप्रिलमध्ये स्टुअर्ड वेधशाळेचे उद्घाटन झाले.

ही वेधशाळा विद्यापीठाच्या आवारालगत, पूर्वी शहामृगपालन चालत असलेल्या जागेवर उभी होती. त्या काळी टूसॉनची लोकसंख्या जेमतेम वीस हजार होती आणि वस्तीच्या कडेला दाट अंधार होता. पुढील चार दशकांत शहर वेधशाळेच्या चहूबाजूंनी पसरले. १९६३ साली ही दुर्बीण किट पीक या दूरच्या पर्वतावर हलवावी लागली. दुर्बीण निकामी झालेली नव्हती. तिच्यावरचे आकाश निकामी झाले होते.

राष्ट्रीय वेधशाळेसाठी पर्वतशोध

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील उत्तम दुर्बिणी मोजक्या संस्थांच्या ताब्यात होत्या. ढगाळ प्रदेशातील विद्यापीठांच्या संशोधकांना चांगले आकाश मिळत नव्हते. सर्वांना खुली असलेली राष्ट्रीय वेधशाळा असावी, असा विचार १९५० च्या दशकाच्या प्रारंभी पुढे आला. १९५० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने त्यास पाठबळ दिले. १९५५ साली एडन माइनेल यांच्याकडे जागा शोधण्याचे काम सोपविण्यात आले.

नैऋत्य अमेरिकेतील सुमारे दीडशे पर्वतांचा प्राथमिक विचार करण्यात आला. हेल्मुट आब्ट यांनी लहान विमानातून अनेक शिखरांची पाहणी केली. त्यांतून निवडलेल्या मोजक्या पर्वतांवर उपकरणे ठेवून दीर्घकाळ चाचण्या झाल्या. अखेरीस स्पर्धा किंगमन शहराजवळचा वालापाय पर्वत आणि टूसॉनच्या नैऋत्येस सुमारे ९० किलोमीटर अंतरावरील किट पीक यांच्यात राहिली. मार्च १९५८ मध्ये किट पीकची निवड झाली. सुमारे २,१०० मीटर उंची, हवेचे स्थैर्य आणि विद्यापीठाचे सान्निध्य हे त्याचे गुण होते. शहर फार लांब नसणे हा १९५८ साली गुण मानला गेला. काही वर्षांतच तो काळजीचा विषय बनला.

पर्वताचे धनी

किट पीक ही निर्जन, बिनमालकीची भूमी नव्हती. तोहोनो ओओदाम या मूलनिवासी समाजाच्या राखीव प्रदेशात हा पर्वत येतो. या समाजास त्या काळी शासकीय व्यवहारात ‘पापागो’ म्हणत. १९८६ साली समाजाने आपले मूळ नाव अधिकृतपणे स्वीकारले. त्यांच्या भाषेत पर्वताचे नाव इओलिगाम असून सृष्टिकथेतील ईइतोइ या ज्येष्ठ पुरुषाशी संबंधित असलेला तो पवित्र पर्वत आहे. त्यामुळे चाचण्यांच्या परवानगीस प्रारंभी विरोध झाला.

समाजाच्या प्रतिनिधींना विद्यापीठात निमंत्रित करून स्टुअर्ड दुर्बिणीतून आकाश दाखविण्यात आले. त्यानंतर चाचण्यांना आणि पुढे वेधशाळेला संमती मिळाली. खगोलशास्त्रज्ञांना ओओदाम भाषेत ‘लांब डोळ्यांची माणसे’ असे नाव पडले. ऑक्टोबर १९५८ मध्ये २०० एकरांचा भाडेपट्टा झाला. जमीन खगोलशास्त्रीय संशोधनासाठी वापरली जाईल तोवरच तो चालू राहील, अशी त्याची अट होती. वेधशाळेचे उद्घाटन मार्च १९६० मध्ये झाले.

ही घटना अनेकदा विज्ञान आणि परंपरा यांच्या सुखद भेटीची कथा म्हणून सांगितली जाते. परंतु दुर्बिणीतून एकदा चंद्र पाहणे आणि पवित्र पर्वतावर कायमची बांधकामे स्वीकारणे या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. २००५ साली किट पीकवर गॅमा किरणांच्या अभ्यासासाठी व्हेरिटास या दुर्बीणसंचाचे काम सुरू झाले, तेव्हा तोहोनो ओओदाम राष्ट्राने न्यायालयात दावा दाखल केला. काम थांबले आणि हा प्रकल्प सांता रिटा रांगेतील माउंट हॉपकिन्सच्या पायथ्याशी हलविण्यात आला. १९५८ ची संमती पुढील प्रत्येक बांधकामाला लागू होत नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले. टूसॉनच्या ईशान्येकडील माउंट ग्रॅहम येथेही वेधशाळेवरून दीर्घ संघर्ष झाला. १९८८ साली अमेरिकी संसदेने कायदा करून तेथे तीन दुर्बिणींस वाट करून दिली. मात्र संकटग्रस्त लाल खारीचा अधिवास आणि आपाचे समाजाची श्रद्धा हे प्रश्न त्यानंतरही न्यायालयांत गाजत राहिले.

शहराचा उजेड आणि कायदा

१९५० साली टूसॉनची लोकसंख्या ४५,४५४ होती. १९६० साली ती २,१२,८९२ झाली. शहरहद्दीत समाविष्ट झालेल्या उपनगरांचा या वाढीत मोठा वाटा होता. तरीही विस्ताराचा वेग यावरून लक्षात येतो. १९७० च्या दशकात मर्ल वॉकर या खगोलशास्त्रज्ञाने शहराच्या उजेडाचा एक नियम मांडला. आकाशात पसरणारा उजेड लोकसंख्येच्या प्रमाणात वाढतो आणि अंतराच्या अडीचाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट केल्यास उजेड पाचव्या हिश्श्याहूनही कमी होतो. याचाच दुसरा अर्थ असा की, शहराची वस्ती पावणेपाच पट झाली तर पूर्वीइतकाच अंधार मिळविण्यासाठी निरीक्षकाला जवळजवळ दुप्पट दूर जावे लागते. १९६० च्या दशकात किट पीकवर चार मीटर व्यासाच्या दुर्बिणीचे काम सुरू झाले होते. ती १९७३ साली कार्यान्वित झाली. अशी दुर्बीण उचलून दर पिढीला नव्या पर्वतावर नेता येत नाही. पळण्याचा मार्ग तेथे संपला.

दुसरा मार्ग म्हणजे उजेडाला आवर घालणे. फ्लॅगस्टाफने १९५८ सालीच जाहिरातीच्या झोतदिव्यांवर बंदी घातली होती. १९७२ साली टूसॉन शहर आणि पिमा परगण्याने बाह्य दिव्यांविषयी नियम केले. दिव्यांना वरून झाकण असावे, प्रकाश जमिनीकडे पडावा, हे त्यांचे मुख्य तत्त्व होते. हे नियम पुढे अनेकदा सुधारण्यात आले आणि प्रति एकर प्रकाशाची मर्यादाही ठरविण्यात आली. अनेक ठिकाणी कमी दाबाचे सोडियम दिवे लावले गेले. त्यांचा पिवळा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असल्याने निरीक्षणातून तो वगळणे सोपे जाते.

१९८८ साली किट पीकचे खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड क्रॉफर्ड आणि हौशी निरीक्षक असलेले वैद्य टिम हंटर यांनी टूसॉन येथेच आंतरराष्ट्रीय कृष्णाकाश संघटना स्थापन केली. एका शहराच्या अडचणीतून निघालेला विचार तिच्याद्वारे जगभर पोहोचला. पुढे शहराने सुमारे वीस हजार पथदिवे एलईडी प्रकारचे केले. मध्यरात्रीनंतर त्यांचा प्रकाश मंद केला जातो. २०१९ साली काही रात्री या दिव्यांची तीव्रता मुद्दाम बदलून उपग्रहाद्वारे मोजणी करण्यात आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, उपग्रहाला दिसणाऱ्या शहराच्या एकूण उजेडात पथदिव्यांचा वाटा सुमारे १३ टक्के होता. उरलेला उजेड प्रामुख्याने दुकाने, वाहनतळ, क्रीडांगणे, जाहिराती आणि घरे यांचा. केवळ पथदिवे सुधारून प्रश्न सुटत नाही, ही जाणीव या मोजणीने दिली.

सामान्य निरीक्षकाचे आकाश

या प्रयत्नांचा लाभ केवळ वेधशाळांना झाला नाही. कॅटालिना रांगेपलीकडील ओरॅकल राज्य उद्यानास २०१४ साली आणि आग्नेयेकडील कार्चनर कॅव्हर्न्स उद्यानास २०१७ साली कृष्णाकाश उद्यान म्हणून मान्यता मिळाली. शहराच्या पूर्व व पश्चिम कडांना लागून असलेल्या सग्वारो राष्ट्रीय उद्यानास २०२३ साली नागरी रात्राकाश स्थळाचा दर्जा मिळाला. पाच लाखांहून अधिक वस्तीच्या शहराच्या उंबरठ्यावर असा दर्जा मिळणे, हे अर्धशतकाच्या नियमनाचे फलित मानता येते.

समारोप

टूसॉनच्या इतिहासाचे तीन टप्पे स्पष्टपणे दिसतात. पहिल्या टप्प्यात अंधार हे निसर्गाचे दान मानून त्याचा शोध घेतला गेला. दुसऱ्या टप्प्यात शहरापासून दूर जाऊन तो मिळविण्यात आला. मात्र ते ‘दूर’ दुसऱ्या कोणाचे तरी घर होते. तिसऱ्या टप्प्यात नगरपालिकेच्या नियमांनी त्याचे रक्षण करण्यात आले. किट पीकच्या त्याच चार मीटर दुर्बिणीवर २०२१ साली विश्वाच्या प्रसरणाचा अभ्यास करणारा एक मोठा दीर्घिका-सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला, यावरून तिसऱ्या टप्प्याचे यश जोखता येते. दुसऱ्या टप्प्याचा हिशोब मात्र पूर्ण झालेला नाही. पर्वत देणाऱ्या समाजाची संमती पुन्हा पुन्हा मागावी लागते आणि ती नाकारण्याचा अधिकारही त्या समाजाकडे राहतो. चांगल्या वेधस्थळाच्या व्याख्येत निरभ्र रात्री, उंची आणि कोरडी हवा यांच्याबरोबर हा अधिकारही अंतर्भूत करावा लागेल.