पाली दरवाजाखालची राखण

धुकं एवढं दाट आहे की दरवाजाच्या पुढ्यात उभं राहिल्याशिवाय तो दिसत नाही. आधी पायाखालच्या पायऱ्या रुंद होत जातात, मग अंगावर ओल्या दगडाचा गारवा येतो. मान वर केली की कळतं, अंबारीसकट हत्ती आत जाईल एवढी ही उंची आहे. साल १६६८. भाद्रपद सरत आलाय, पितृपंधरवडा चालू आहे, राजगड ही राजधानी आहे. तुमच्या डोक्यावर जळणाची मोळी आहे, कारण पालीतल्या मामांनी आज गडावर लाकूड पोचवायचं काम तुमच्यावर टाकलंय.

डोक्यात मात्र दुसरंच ओझं. इथून साडेतीनशे वर्षं पुढे, ओहायोतल्या एका दुकानात, तुम्ही दोन क्रॉसबोंपुढे तासभर उभे होतात. तिथे परवाना काढून हरणाच्या हंगामात क्रॉसबोने शिकार करता येते. त्यातला एक रिकर्व्ह: आडव्या दांड्यावर बसवलेलं साधं धनुष्य, टोकं पुढे वळलेली, एकच दोरी. दुसरा कंपाउंड: भुजांच्या टोकांना चाकं, त्यांवरून फिरणाऱ्या तारा, रुंदीला अरुंद, ओढून धरायला हलका. दुकानदार वेगाचे आकडे सांगत होता, सेकंदाला ३५० फूट, ४०० फूट. तुमचं ठरेना.

मोळी देवडीत उतरवता. पहाऱ्यावरचा बंदूकवाला वैतागलेला आहे. तोड्याची बंदूक मांडीवर आडवी, नळीच्या तोंडावर चिंधी कोंबलेली. तो बोटाने बंदुकीच्या कानावरची रंजक, म्हणजे ठिणगी धरणारी दारू, उचलून तुम्हाला दाखवतो. चिमटीत काळा चिखल आहे.

“ही तिसऱ्यांदा बदलली सकाळपासनं. सोरा पाणी पितो रं, हवेतलंच पितो.”

जामगीचं, म्हणजे बत्तीच्या जळत्या दोरीचं, टोक तो ओंजळीत धरून फुंकत राहतो. लाल ठिपका उजळतो, मंदावतो. बंदुकीला मारा आहे, धडाका आहे, पन्नास पावलांवरून रानडुक्कर लोळवण्याची ताकद आहे. पण ती शिकारीला न्यायची तर जळती जामगी बरोबर न्यायची, म्हणजे वारा फिरला की डुकराला आधी धूर कळणार. काळोख्या रात्री तो लाल ठिपका तर लांबूनही दिसतो. आणि एकदा बार चुकला की नळी पुसा, दारू ओता, गोळी टाका, गजाने ठासा, रंजक घाला. तोवर डुक्कर नदीपार.

देवडीच्या खुंटीवर एक चमकणारी चीज आहे. पोलादाची कमान. या काळात हिंदुस्थानात अशा सबंध पोलादी कमानी घडवल्या जात, आणि त्यामागचं कारण तुमच्या केसांतून ठिबकतंय. पोलादाला वाळवी लागत नाही, त्यात सरस नसतो, कोठारात वर्षानुवर्षं पडून राहिली तरी तेलाचा हात फिरवला की कामाला तयार. पहारेकरी ती तुमच्या हातात देतो. ओढून बघा. जोर खूप लागतो, पण सोडलीत की जाणवतं, बराच जोर त्या जड भुजांना स्वतःलाच पुढे ढकलण्यात गेला. तीरापर्यंत पोचला तो उरलेला.

युरोपातल्या क्रॉसबोवाल्यांचीही हीच अडचण होती. पोलादी भुजा आणि अगदी थोडी ओढ. ती तूट भरायला ताण इतका वाढवावा लागला की हाताने दोरी मागे येईना, मग कुणी बकरीच्या पायासारखी फाटा असलेली तरफ वापरी, कुणी दातेरी चाकाचा रहाट. युद्धात बंदुकीने त्यांची जागा घेतली, तरी जर्मन मुलखातले शिकारी पुढेही क्रॉसबो बाळगून होते. आवाज कमी, धूर नाही, आणि ताणून ठेवलेलं हत्यार जनावराची वाट बघत बसू शकतं. ही शेवटची गोष्ट फार मोठी आहे. धनुष्य ताणून धरलेल्या माणसाचे दंड काही क्षणांत थरथरू लागतात, क्रॉसबोची कळ थरथरत नाही.

पायऱ्या उतरून पालीत येता तोवर पाऊस पुन्हा धरलेला. खाली कानद नदीचा आवाज एकसारखा येतो आहे. मामांच्या घरात चुलीचा धूर गवताच्या छपराखाली कोंडलाय, डोळे चुरचुरतात. मामा पडवीत इरलं टांगतात आणि तुमच्याकडे बघून म्हणतात, “आज राखणीला तू चल. नाचणीत डुकरं शिरायला लागल्यात.”

मग हत्यारं निघतात.

पहिली शिंगाची कमान. मामांच्या वडिलांनी आदिलशाही चाकरीत मिळवलेली. लाकडाचा गाभा, पोटाला म्हशीचं शिंग, पाठीला जनावराच्या स्नायूंचे तंतू, सगळं सरसाने एकजीव केलेलं. घोड्यावरून मारायला याहून देखणं हत्यार माणसाने केलं नाही, असं माझं मत आहे. आखूड असून बाण लांब जातो, कारण शिंग दाबाला पक्कं आणि स्नायू ताणाला पक्के, आणि दोन्ही वजनाला हलके. मामा फडकं सोडतात. कमानीची एक भुजा किंचित पिळवटलेली आहे. बोट फिरवलंत तर पाठीवरचा थर एका जागी चिकट लागतो. सरस ओल धरतो, आणि मावळातल्या चार महिन्यांत त्याने धरलेली ओल चार महिने सुटत नाही. दख्खनच्या कोरड्या पठारावर जी कमान पिढीभर टिकते, ती या खोऱ्यात दर पावसाळ्यात थोडी थोडी मरते. मामा ती पुन्हा गुंडाळून ठेवतात. विकायचं मनात येत नाही त्यांच्या, वडिलांची आहे.

दुसरी गलोल. आज पोरं रबराच्या बेचकीलाही हे नाव देतात, पण मूळची गलोल म्हणजे वेळूचं छोटं धनुष्यच. दोन दोऱ्या समांतर, मधे बोटभर पट्टी, तीत मातीची वाळवलेली गोळी. सोडताना धनुष्य धरलेलं मनगट झटकन बाजूला वळवावं लागतं, नाहीतर गोळी आपल्याच अंगठ्यावर. लावरी, तित्तर, फार तर ससा. डुकराला ती मारू नये. दुखवून सोडणं ही शिकार नव्हे, आणि जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी पाण्यावर गेलेल्या पोरीबाळींच्या वाटेत येतं. हा हिशेब मामा बोलून दाखवत नाहीत, फक्त गलोल परत खुंटीला लावतात.

तिसरा कामठा चुलीच्या वर, धुराने काळा पडलेला. भरीव वेळूचा, छातीइतका उंच. शेजारच्या घरी धामणीच्या लाकडाचाही आहे. धामणीला जुन्या वैद्यकग्रंथांत धनुर्वृक्ष असंच नाव आहे, तिचं लाकूड वाकतं आणि न रुसता परत येतं. वेळूच्या कामठ्याला ना सरस, ना जोड. कीड लागू नये म्हणून धुरात ठेवलेला, ओल आली तरी तीच धग ती काढून घेते. दोरी केवणीच्या सालीची, दोन पदरी पिळलेली. सातपुड्यात भिल्ल लोक दोरीच्या जागी वेळूचीच चिरलेली कांब लावतात, तीही या हवेत टिकली असती.

“ताण कमी वाटतो,” तुम्ही म्हणता. तुमच्या डोक्यात दीडशे-दोनशे पौंडांचे आकडे आहेत.

मामा दोरी ओढून दाखवतात. ती हातभर मागे येते. तिथेच तुम्हाला हिशेब लागतो. क्रॉसबोची दोरी मागे येते दहा-पंधरा इंच, म्हणून तेवढंच काम करून घ्यायला तिला कितीतरी जास्त ताण द्यावा लागतो. पौंडांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून धनुष्य आणि क्रॉसबो यांची तुलना करणं चूक आहे. ताण किती हे विचारताना तो किती लांबीभर ढकलतो हेही विचारायला हवं.

रात्री माळ्यावर दोघं बसता. चार खांब, वर पेंढा, खाली नाचणी. राजगड दिसत नाही, फक्त पावसात एक जास्त काळा भाग आहे तो तोच. आज याच बांधावर कुणी परवानगीशिवाय असा बसला तर तो गुन्हेगार ठरेल. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हत्याराच्या व्याख्येत धनुष्यबाणही घातलेत, आणि पीक गेलं तर शेतकऱ्याने वन विभागाकडे भरपाई मागायची आहे. मला तो कायदा पटतो. पण पीक राखत जागलेल्या माणसाची रात्रही मला कळते, आणि त्या रात्रीसाठीच तुम्हाला इथे आणलंय.

दुसऱ्या प्रहरी खाली पाणथळीकडे खसफस होते. तुम्ही कामठा उचलता, अंदाज घ्यायला अर्धा ओढता, आणि दोरी खाचेपाशी उसवते. आवाजसुद्धा होत नाही, फक्त हातातला जीव जातो.

मामा काही बोलत नाहीत. मुंडासं सैल करतात, आतून बोटभर जाडीची गुंडाळी काढतात. कोरडी दोरी. तुम्ही कामठ्याचं खालचं टोक पायाच्या कडेला टेकवता, गुडघ्याने पोट दाबता, वरचं टोक हाताने वाकवून फास सरकवता. डोळे मिटले तरी चाललं असतं, तसंही काही दिसत नाहीये. दहा श्वासांचं काम.

रिकर्व्ह क्रॉसबोची दोरी अशीच बदलता येते, बरोबर ठेवलेल्या एका जादा दोरीने, रानात, ओल्या हातांनी. कंपाउंडच्या दोऱ्या आणि तारा बदलायला सहसा भुजा दाबून धरणारा प्रेस लागतो, तो बहुधा दुकानात असतो. ओहायोतला तुमचा प्रश्न मामांच्या मुंडाशात सुटला.

आता डुक्कर नाचणीत आहे. वीस पावलं. दोरीचा आवाज सेकंदाच्या विसाव्या भागात त्याच्या कानाशी जाईल, बाणाला सेकंदाचा तिसरा भाग लागेल. दुकानातल्या सगळ्यात वेगवान क्रॉसबोचा बाणही आवाजाच्या मागूनच पोचला असता, म्हणून जनावर बेसावध असायला हवं, खात असायला हवं. ते तुमच्याकडे तोंड करून उभं आहे. तुम्ही ओढायला लागता. कोपरावर मामांचा हात येतो.

“थांब. समोरनं न्हाई. वळू दे.”

पाऊस पेंढ्यावर पडतो आहे. कणसं ओरबाडल्याचा आवाज. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तो काळा गोळा आडवा होतो, बगल दिसते, म्हणजे दिसत नाही, पण पुढचा पाय कुठे असणार हे कळतं. हात कोपरावरून निघतो. तुम्ही दोरी छातीशी आणता आणि सोडता.

ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज. धडपड, मग पाणी.

मामा उजाडेपर्यंत खाली उतरू देत नाहीत. पहाटे धुक्यात माग काढता. नाचणीच्या पानांवरचं रक्त पावसाने बरंचसं धुतलंय, पण वाकलेली ताटं वाट दाखवतात. तीस-पस्तीस पावलांवर, ओहोळाच्या काठाला, डुक्कर पडलेलं आहे. बाण पुढच्या पायामागे पिसांपर्यंत आत. ते फार लांब गेलं नाही. मामा वाकून त्याच्या डोळ्याला हात लावतात आणि मिनिटभर तसेच बसतात.

घरी आल्यावर जनावराकडे बघायच्या आधी कामठा. फास सरकवून दोरी उतरवायची, कामठा सरळ होऊ द्यायचा, फडक्याने पुसायचा, चुलीवरच्या आढ्याला टांगायचा. ओली दोरी राखेच्या कडेला पसरायची. उसवलेली दोरी मामा उजेडात धरतात, पदर मोजतात, आणि तुमच्यापुढे केवणीची भिजवलेली साल टाकतात.

“बस. नवी वळायला शिक.”