पेवे, विहिरी आणि पाव : माल्टा बेटावरील पायपीट



बेट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे माड उभे राहतात, पाऊस येतो, तोंडापर्यंत भरलेली विहीर येते. आज मी ज्या बेटाची हकीकत सांगणार आहे तेथे यांपैकी काहीच नाही. माल्टा हा भूमध्य समुद्रातला, सिसिलीच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरवरचा देश. माल्टा, गोझो आणि चिमुकले कोमिनो ही तीन बेटे मिळून त्याचे क्षेत्रफळ भरते ३१६ चौरस किलोमीटर. आपल्याकडचे बहुतेक तालुके याहून मोठे. या देशात एकही बारमाही नदी नाही. सर्वांत उंच जागा २५३ मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीतला माणूस तिला टेकडीच म्हणेल. पाऊस वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही हिवाळ्यात. माणदेशातल्या श्रोत्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. आणि एवढ्याशा खडकावर आज पाच लाखांहून अधिक माणसे राहतात.

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मी आणि आमची सौ. तेथे दहा दिवस राहून आलो. हॉटेलचा खर्च झेपणारा नव्हता, तेव्हा स्वयंपाकघरासहित दोन खोल्या भाड्याने घेतल्या; सहा दिवस गोझोला, चार दिवस राजधानी व्हॅलेटाजवळ. बरोबर तांदूळ, गोडा मसाला, चिंच आणि गूळ होता. सकाळी रांधायचे, डबा बांधायचा आणि दिवसभर पायी हिंडायचे, असा क्रम. इतिहासाचा अध्यापक एरवी पुस्तक घेऊन फिरतो, मी बाजाराची पिशवी घेऊन फिरलो. त्यामुळे त्या देशाचा इतिहास मला राजेरजवाड्यांकडून न कळता चुलीकडून कळत गेला. तोच आज सांगतो.

पहिल्याच सकाळी चहा बिघडला. नळाच्या पाण्याला किंचित मचूळ चव. घरमालकीण म्हातारी बाई, खालीच राहत होती. ती म्हणाली, "प्यायचे पाणी विकत आणा, आम्ही सगळे तेच करतो." पुढे समजले की या देशाच्या पिण्याच्या पाण्यातला अर्ध्याहून अधिक भाग समुद्राचे खारे पाणी गाळून केलेला असतो. यंत्राने जोर लावून खारे पाणी अतिशय बारीक पडद्यातून ढकलायचे, मीठ अलीकडे राहते आणि गोडे पाणी पलीकडे जाते. असा पहिला मोठा कारखाना तेथे १९८२ साली सुरू झाला. त्याआधी हजारो वर्षे लोक जगले ते खडकातल्या झऱ्यांवर आणि छपरावरून उतरवलेल्या पावसावर. व्हॅलेटा शहर १५६६ साली वसवले, तेव्हा प्रत्येक घराखाली पावसाच्या पाण्याचे टाके खोदलेच पाहिजे असा नियम होता. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा विन्याकूर नावाच्या अधिपतीने १६१० ते १६१५ या काळात पश्चिमेकडच्या उंचवट्यावरील झऱ्यांचे पाणी सुमारे पंधरा किलोमीटर लांबून शहरात आणले. सखल भागात दगडी कमानींवरून नेलेला तो पाट आजही रस्त्याच्या कडेने दिसतो. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, नहर ज्यांनी पाहिली आहे त्यांना पाण्यासाठी माणूस किती दूर जातो हे सांगायला नको.

गोझोतली शेते पाहताना कोकणातच असल्यासारखे वाटत होते. चुना-माती न लावता नुसते दगडावर दगड रचून घातलेले गडगे, त्यांच्या आडोशाने अडवलेली लाल माती, आणि कुंपणाला फड्या निवडुंग. मातीचा थर एवढा पातळ की ती वाहून जाऊ नये म्हणूनच गडग्याचा सारा खटाटोप. समुद्रकाठी श्वेनी नावाच्या जागी खडकातच चौकोनी खळगे खोदून केलेली मिठागरे आहेत. आपल्याकडची मिठागरे चिखलाच्या बांधांची, ही दगडाची, एवढाच फरक.

बाजारात मी शेंगांकडे बोट दाखवून नाव विचारले. बाई म्हणाली, "फूल." मी म्हटले, "फूल नव्हे, शेंग." ती पुन्हा ठासून, "फूल!" मागाहून उलगडा झाला. वालासारख्या दिसणाऱ्या त्या मोठ्या शेंगांचे नावच तेथे 'फूल' आहे, आणि ते अरबीवरून आलेले आहे. माल्टी भाषा अरबीच्या पोटची, मात्र ती लिहितात रोमन लिपीत. नवव्या शतकात अरबांनी बेट घेतले, नंतर राज्य गेले, धर्म बदलला, भाषा राहिली. आपल्या मराठीत फारसीच्या वाटेने अरबी शब्द आले, त्यामुळे काही ठिकाणी आपली आणि त्यांची गाठ पडते. वर्षाला ते 'सेना' म्हणतात, आपला 'सन' तोच. पुस्तक म्हणजे 'क्तीब', आपली किताब. मेलेला तो 'मेय्येत', आपल्या तलाठ्याच्या दप्तरातला 'मयत'. शिक्षक मंडळींनी हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे.

त्या शेंगांचे दाणे सोलून सौ.ने बिरडे केले आणि दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन आम्ही जगंतियाची देवळे पाहायला गेलो. ही देवळे इसवी सनापूर्वी सुमारे ३६०० वर्षांपासूनची, म्हणजे मिसरच्या पिरॅमिडांहून जुनी. लोखंड नाही, तांबे नाही, आणि माणसाहून दुप्पट-तिप्पट उंचीचे दगड उभे केलेले. गावकऱ्यांची दंतकथा अशी की एका राक्षसिणीने मूल खांद्यावर घेऊन हे दगड वाहिले, आणि ती खात होती काय, तर ह्याच शेंगांचे दाणे आणि मध! आपल्याकडे कुठलेही जुने देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलेले असते, तशातलाच हा प्रकार. पण मला ती कथा आवडली. देऊळ बांधणाऱ्याला खायला काय मिळत होते, याची चौकशी तिच्यात आहे. आमचे इतिहासकार ती सहसा करीत नाहीत.

गोझोच्या मध्यावर टेकडीवर एक किल्ला आहे. तट भक्कम, आतली घरे पडकी. १५३० साली स्पेनच्या सम्राटाने ही बेटे सेंट जॉनच्या सरदारांच्या पंथाला दिली. खंड काय, तर दरसाल एक ससाणा. स्वस्तात मिळालेली जहागीर वाटते, पण तिच्याबरोबर तुर्कांचे वैर आले. १५५१ च्या जुलैत तुर्की आरमार गोझोवर उतरले. गावोगावचे लोक गुरेढोरे टाकून ह्या किल्ल्यात शिरले. तटाला तोफांचा मारा फार दिवस सोसला नाही. किल्ला पडला आणि सुमारे पाच हजार माणसे, म्हणजे जवळजवळ सगळे बेट, गुलाम करून नेले. थोडे लोक दोराने तटावरून उतरून निसटले. आतल्या एका गल्लीला एका सैनिकाचे नाव आहे. बायको आणि दोन मुली शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून त्याने त्यांना स्वतः मारले व मग लढत मेला, असे सांगतात. रजपुतान्याच्या कथा ऐकलेल्या आपल्या मनाला हे चटकन समजते. त्यानंतर बेट पुन्हा वसले, पण १६३७ पर्यंत कायदा असा की रात्र पडली की सर्वांनी किल्ल्यात झोपायला आले पाहिजे. दिवसभर शेतात राबून रोज संध्याकाळी ती टेकडी चढायची! आम्ही एकदा चढलो तर सौ.चे गुडघे दुसऱ्या दिवशी बोलू लागले.

यानंतरचा मोठा प्रसंग १५६५ चा वेढा. त्याच वर्षी जानेवारीत इकडे राक्षस-तागडीच्या लढाईत विजयनगरचे साम्राज्य कोसळले होते. मे महिन्यात तुर्कांचे प्रचंड आरमार माल्टाला आले. तीस-चाळीस हजारांच्या सैन्यापुढे आत सरदार पाचशेच्या आसपास, आणि शिपाई व गावकरी मिळून सारे सहा हजारांच्या घरात. ला व्हालेत हा सत्तरीचा म्हातारा त्यांचा अधिपती. त्याच्या शौर्याची वर्णने पुष्कळ आहेत. मला त्याची दोन कामे महत्त्वाची वाटतात. शत्रू येण्याआधी त्याने शिवारातले पीक तटाच्या आत आणवले, आणि जेथे तुर्कांची छावणी पडणार त्या सखल भागातल्या विहिरी नासवून टाकल्या. उन्हाळा, दूषित पाणी, हगवण. तोफांनी मेले त्यात यांची भर पडली. सप्टेंबरात सिसिलीहून कुमक आली आणि वेढा उठला. विजयी पंथाने लगेच नवे शहर बांधले, त्याला अधिपतीचे नाव दिले, तेच व्हॅलेटा. आपल्या विहिरी आपल्याच हाताने नासवताना त्या शेतकऱ्यांना काय वाटले असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे भाषण करायचे ठरवले तिच्याकडे येतो. व्हॅलेटाच्या वेशीबाहेर फ्लोरियाना नावाची वस्ती आहे. तेथे चर्चसमोरच्या विस्तीर्ण पटांगणात ओळीने गोल दगडी झाकणे बसवलेली दिसतात. मला आधी ती थडगी वाटली. जवळ जाऊन माहितीची पाटी वाचली आणि चकित झालो. ती पेवे होती! खडकात खोदलेली, तोंडाशी अरुंद व खाली घंटेसारखी रुंद होत गेलेली धान्याची पेवे. सतराव्या शतकात त्या सरदारांनी ती खोदायला सुरुवात केली, पुढे इंग्रजांनी भर घातली. धान्य भरायचे, झाकण बसवून फटी लिंपून घ्यायच्या, की आत वारा नाही, किडा नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे ज्यांनी पाहिली असतील, किंवा जुन्या वाड्यातल्या पेवात उतरण्यापूर्वी दिवा सोडून हवा बघणारे आजोबा ज्यांना आठवत असतील, त्यांना त्याची रचना मी समजावून सांगावी असे नाही. बेटावर पिकणारे धान्य तिथल्या लोकांना कधीच वर्षभर पुरले नाही. सिसिलीचा गहू जहाजाने यायचा, आणि जहाज अडले की तेवढ्या पेवांवर जगायचे.

१७९८ च्या जूनमध्ये नेपोलियनने माल्टा घेतले. फ्रेंचांनी देवळांची चांदी-सोने उचलायला सुरुवात केली तेव्हा सप्टेंबरात लोक उठले. फ्रेंच सैन्य व्हॅलेटात कोंडले गेले. जमिनीवर माल्टी शेतकरी, समुद्रावर इंग्रजी आरमार. धान्य वाचावे म्हणून फ्रेंच सेनापतीने शहरातल्या पुष्कळ रहिवाशांना बाहेर काढले. तरी १८०० च्या सप्टेंबरात शरण जावे लागले. तट शेवटपर्यंत शाबूत होता, कोठार तेवढे रिकामे होत आले होते. इंग्रज मदतीला आले आणि राहिलेच. हा अनुभव आपल्यालाही आहे.

आपला आणि माल्टाचा प्रत्यक्ष संबंध आला तो १८७८ साली. रशियाशी युद्ध जुंपेल असा रंग दिसताच इंग्लंडचे प्रधान डिझरायली यांनी सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून सुएझमार्गे माल्टाला हलवले. त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. युद्ध झाले नाही, मंडळी तेथून सायप्रसला गेली. त्यांनी त्या उन्हाळ्यात कोणत्या विहिरीचे पाणी प्यायले असेल, असे मनात आल्यावाचून राहिले नाही. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंधी व्यापारी आले.

मग १९१९. महायुद्धात पावाचा भाव चढला, युद्ध संपले तरी उतरेना. पाव हे गरिबाचे मुख्य अन्न. ७ जून रोजी व्हॅलेटात लोक रस्त्यावर आले, पिठाच्या व्यापाऱ्यांवर रोष होता. सैनिकांनी गोळ्या झाडल्या, चार माल्टी माणसे प्राणास मुकली. अमृतसरच्या जालियनवाला बागेला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. १९२१ साली त्यांना अंतर्गत स्वराज्य मिळाले, पूर्ण स्वातंत्र्य २१ सप्टेंबर १९६४ ला. ७ जून हा आज तेथे राष्ट्रीय दिवस आहे.

दुसऱ्या महायुद्धात तर उपासमारीची सीमा झाली. इटली व जर्मनीची विमाने रोज बाँब टाकीत. जहाजे वाटेतच बुडत. १९४२ च्या उन्हाळ्यात पावाचे शिधावाटप माणशी सुमारे ३०० ग्रॅमवर आले. सरकारने सार्वजनिक भटारखाने काढले: आपल्या शिध्याचा काही भाग द्यायचा आणि दिवसाला एक शिजवलेले जेवण घ्यायचे. दुधाच्या शेळ्याही कापाव्या लागल्या. अखेर ऑगस्टात चौदा मालवाहू जहाजांचा काफिला निघाला, त्यातली पाचच पोचली. तेलाचे जहाज 'ओहायो' मोडक्या अवस्थेत दोन्ही बाजूंनी दुसऱ्या जहाजांच्या आधाराने बंदरात आले, तो दिवस १५ ऑगस्ट, मेरीमातेच्या सणाचा.

आमच्या घरमालकिणीची आई त्या भटारखान्याच्या रांगेत उभी राहिली होती. म्हातारी सांगत होती, आई पावाचा तुकडा कधी टाकू देत नसे. जमिनीवर पडला तर उचलून त्याचे चुंबन घेऊन ठेवायची. आपल्याकडेही अन्न पायाशी पडले तर उचलून डोळ्यांना लावतात, हे सौ.ने तिला खुणेने दाखवले. बिरड्याची वाटी तिला दिली होती. तिने ती चाटून-पुसून परत दिली, वर चार लिंबे घालून.

निघायच्या दिवशी विमानाला अवकाश होता. आम्ही पुन्हा फ्लोरियानाला गेलो. एका बेकरीतून तिथला गोल, जाड पापुद्र्याचा पाव घेतला. टोमॅटो चोळून, तेल घालून खायची तिथली पद्धत आहे. सौ. पेवाच्या एका झाकणावर बसली, चाकू काढला आणि पाव कापू लागली. मी शेजारच्या झाकणावर बसून मोजत होतो. सत्तरांच्या वर गेल्यावर बस आली.